आरव्ही-७ विमानाचा पंख-संच : रिव्हेटिंगच्या कसोटीवर

व्हॅन्स एअरक्राफ्ट या कंपनीच्या आरव्ही-७ या दोन आसनी विमानाचा पंख-संच, म्हणजे घरी जोडायचे पंखाचे सुटे भाग, मी विकत घेतला, त्याला आता पाच वर्षे होत आली. नोकरी सांभाळून, ओहायोतील आमच्या घराच्या गॅरेजमध्ये, सुट्टीचे दिवस आणि संध्याकाळचे दोन-दोन तास देऊन डावा पंख पूर्ण झाला आहे आणि उजवा शेवटच्या टप्प्यावर आहे. ओळखीच्या मराठी मंडळींना हे कळले, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : घरी जोडलेल्या पंखावर भरवसा कसा ठेवायचा? तो प्रश्न रास्त आहे. आरव्ही-७ हे कसरती करू शकणारे विमान आहे. १६०० पाउंड वजनापर्यंत त्याचा सांगाडा अधिक सहा आणि उणे तीन जी (एक जी म्हणजे स्वतःच्या वजनाइतका भार) इतका भार पेलेल अशा हिशेबाने आखलेला आहे, आणि तो भार पत्र्याकडून बरगड्यांकडे व बरगड्यांकडून मुख्य स्पारकडे, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईकडे, नेण्याचे काम रिव्हेट, म्हणजे ठोकून कायमच्या बसवलेल्या धातूच्या खिळ्या, करतात. म्हणून या संचाचे परीक्षण मी मुख्यतः रिव्हेटिंगच्या अंगाने करणार आहे.

माझे मत आधीच सांगते. संच उत्तम आहे आणि मी त्याची मनापासून शिफारस करते. ज्या मोजमापात चूक झाली तर पंख पिळलेला निघेल, ते जवळजवळ सगळे मोजमाप कारखान्याने स्वतःकडे ठेवले आहे आणि हाताचे काम आपल्याकडे सोपवले आहे. हे हाताचे काम प्रत्येक रिव्हेटपाशी थांबून तपासता येते, मोजता येते आणि चुकलेला रिव्हेट काढून पुन्हा मारता येतो. मात्र हत्यारे संचात येत नाहीत, आणि पंख कसा दिसेल व तो जोडताना किती मनस्ताप होईल हे निम्म्याहून अधिक त्या हत्यारांवर ठरते. संचाइतकाच विचार त्यांच्या खरेदीचा करावा लागतो.

कंपनीचा थोडा परिचय द्यायला हवा. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांनी ती १९७३ साली सुरू केली. ती ओरेगॉन राज्यातील ऑरोरा येथे आहे. तिच्या संचांतून हौशी लोकांनी पूर्ण केलेली आणि उडवलेली विमाने ११ हजारांहून अधिक आहेत. आरव्ही-७ हे प्रारूप २००१ सालचे; पंखांचा विस्तार २५ फूट, आणि पुढच्या कडेत बसणाऱ्या दोन टाक्यांत मिळून ४२ गॅलन इंधन. अमेरिकेतील नियमानुसार अशा विमानाचे अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेले असावे लागते, म्हणून संचात काय तयार द्यायचे आणि काय बांधणाऱ्यासाठी ठेवायचे याला मर्यादा असते. आपल्याकडे अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या गच्चीवर विमान उभे केले, तेव्हा आराखड्यापासून सगळे त्यांचे स्वतःचे होते. संचाची वाट त्याहून पुष्कळ सोपी आहे आणि ती सोपी आहे हे मान्य करूनच या मार्गाला लागावे.

लाकडी खोक्यातून सर्वांत आधी मुख्य स्पार बाहेर येतो. सोनेरी अनोडाइझ केलेला, जाड पट्ट्यांनी मजबूत केलेला हा पंखाचा कणा कारखान्यातच पूर्ण रिव्हेट होऊन येतो. त्यातील जाड रिव्हेट गॅरेजमधल्या हत्यारांनी चांगले बसवणे फार कठीण, त्यामुळे हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो. बाकी सगळे सुटे असते : दाबून आकार दिलेल्या बरगड्या, मागचा स्पार, वरचे-खालचे पत्रे, पुढच्या कडेचा वळवलेला पत्रा, टाक्यांचे भाग, एलेरॉन व फ्लॅप हे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग आणि तपकिरी कागदी पिशव्यांतून आलेले हजारो रिव्हेट. पत्रे ०.०२५ ते ०.०३२ इंच जाडीचे, म्हणजे मिलिमीटरहूनही पातळ, आणि त्यांवर निळी प्लॅस्टिकची फिल्म. ही फिल्म सगळी काढून टाकू नये. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने रिव्हेटच्या रांगेपुरती पट्टी वितळवून काढावी आणि उरलेली शेवटपर्यंत राहू द्यावी. वर्षभर हाताळताना पत्र्यावर ओरखडे पडत नाहीत.

या संचाची खरी करामत भोकांत आहे. पत्रा, बरगडी आणि स्पार यांवरची भोके संगणकाच्या नियंत्रणाखाली आधीच पाडलेली असतात. प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या भोकात क्लेको घातला, म्हणजे स्प्रिंगची ती छोटी तात्पुरती खिळी, की सगळी भोके एकमेकांवर येऊन बसतात आणि पंख आपोआप सरळ होतो. भाग सरळ धरून ठेवणारी वेगळी चौकट, म्हणजे जिग, बांधावा लागत नाही. बरगड्यांच्या वळलेल्या कडा दाबताना किंचित बाक घेतात, तेवढा मात्र फ्लूटिंगच्या, म्हणजे कडेला बारीक चुण्या पाडणाऱ्या, पकडीने आधी काढावा लागतो. तो राहिला तर भोके जुळत नाहीत आणि जोर लावून जुळवली तर पत्र्याला लाट येते. क्लेको घातल्यावर भोके अंतिम मापाची करायची, सगळे पुन्हा सुटे करायचे, प्रत्येक भोकाची दोन्ही बाजूंची बर, म्हणजे ड्रिलने उठलेली धारदार कड, काढायची, डिंपल करायचे, म्हणजे रिव्हेटच्या डोक्यासाठी खळगी दाबायची, प्रायमर मारायचा आणि मग पुन्हा जोडून रिव्हेट. एकच पंख तीन-चारदा जोडला आणि खोलला जातो. पहिल्यांदा हे वेळखाऊ वाटते, पण भोक पाडताना दोन पत्र्यांमध्ये अडकलेला कीस आणि बर तशीच राहिली, तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत आणि त्या फटीत रिव्हेट फुगतो. असा रिव्हेट वरून छान दिसतो आणि आतून कुचकामी असतो.

पंखावर मुख्यतः दोन प्रकारचे रिव्हेट लागतात. पत्र्यासाठी ३/३२ इंच व्यासाचे, शंभर अंशांच्या चपट्या डोक्याचे, जे पृष्ठभागाशी एकरूप होतात; आतल्या सांगाड्यासाठी १/८ इंचाचे, गोलसर डोक्याचे. दोन्ही भरीव, २११७ या अॅल्युमिनियम मिश्रधातूचे, आणि डोक्याच्या मध्यभागी सुईच्या टोकाएवढी खाच असते, ती त्यांची ओळख. ही धातू फ्रिजमध्ये ठेवावी लागत नाही, पिशवीतून काढून थेट मारता येते, हे घरगुती कामासाठी फार सोयीचे. पत्र्यासाठी ४० क्रमांकाचे ड्रिल, सांगाड्यासाठी ३० क्रमांकाचे. भोकातून मागे उरलेले देठाचे टोक, म्हणजे शेपूट, मारण्यापूर्वी व्यासाच्या दीडपट लांब असावे. मारल्यानंतर ते व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतके उंच व्हावे. पत्र्याचा असा एक रिव्हेट कातरण्यासाठी सुमारे २०० पाउंडांचा जोर लागतो, सांगाड्याचा पावणेचारशेहून अधिक, आणि एका पंखात ते हजारोंनी असतात. भरवशाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आकड्यांत आहे. उरलेले अर्धे उत्तर प्रत्येक शेपटावर ठेवायच्या छोट्या धातूच्या मापकात आहे, जो योग्य काय आणि अपुरे काय हे क्षणात सांगतो.

माझ्या बाबांनी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत ३१ वर्षे काम केले. बसच्या बॉडीला अॅल्युमिनियमचे पत्रे ठोकण्यात त्यांचा जन्म गेला. ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा डाव्या पंखाच्या बरगड्या स्पारवर चढल्या होत्या आणि वरचा पत्रा लावायचा होता. त्यांनी पिशवीतला एक रिव्हेट तळहातावर घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "एवढंसं रिबीट?" मग मी बकिंग बार, म्हणजे रिव्हेट मारताना मागून शेपटाला टेकवायचा जड धातूचा ठोकळा, दाखवला, तर तो त्यांना ओळखीचा निघाला. "ही तर डॉली." इथली मंडळी ज्याला बकिंग बार म्हणतात त्याला आपल्या कारखान्यांत आणि आयटीआयमध्ये डॉली म्हणतात, आणि त्या दिवसापासून आमच्या गॅरेजमध्येही तोच शब्द रुळला. बसवर डोके वर उरले तरी चालते, इथे बोट फिरवले तर रिव्हेट लागता कामा नये, एवढा फरक त्यांना पहिल्या आठवड्यात आत्मसात करावा लागला. मला मात्र त्यांच्याकडून जे शिकायचे होते त्याला महिने लागले.

डिंपलविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पंखाचे रूप इथेच ठरते. चपट्या डोक्याचा रिव्हेट पृष्ठभागाशी समतल बसायला त्याला खळगी हवी. जाड धातूत ती काउंटरसिंकने कोरता येते, पण पातळ पत्र्यात कोरायला जाडीच नसते, म्हणून नर-मादी ठशांमध्ये पत्रा दाबून खळगी उठवावी लागते. ती नीट दाबली गेली तर कडा कोरल्यासारखी धारदार दिसते आणि उजेडात पाहिले तर भोकाभोवती पत्रा अगदी सपाट राहतो. दाब कमी पडला तर खळगीभोवती बशीसारखा हलका उतार येतो, आणि रंग दिल्यावर पंखावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसतात. मी सुरुवातीला एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्वस्त ठसे घेतले. पहिल्याच चाचणीच्या पट्टीवर प्रत्येक खळगीभोवती एक बारीक वर्तुळ उमटले. ठशाची कड गोल केलेली नव्हती आणि पृष्ठभागावर खरवडल्याच्या रेघा होत्या. विक्रेत्याला छायाचित्रे पाठवली, तीनदा लिहिले, उत्तर आले नाही. चाचणीची पट्टी आधी केली म्हणून पंखाचा पत्रा वाचला. त्यानंतर मी पॉलिश केलेले, किंचित फुगीर माथ्याचे चांगले ठसे आणि लांब तरफेचे डिंपल यंत्र घेतले. हातोडीने ठोकायच्या साध्या सी-चौकटीनेही हे काम होते आणि पैसे वाचतात, पण तिचा आवाज सहन होत नाही आणि भोक ठशावर नीट बसण्यापूर्वी हातोडी पडली तर पत्र्यात नवे भोक पडते. तरफेच्या यंत्रात ती भीती नाही. रिव्हेटवर भराभर ठोके मारणाऱ्या हवेवरच्या रिव्हेट गनवर खर्च करण्याआधी पैसे इथे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा खर्च डॉलीवर करावा. माझ्याकडे सुरुवातीला पोलादी डॉल्यांचा संच होता. त्यांतील ज्या बरगडीच्या कोपऱ्यात शिरत, त्या हलक्या होत्या. ज्यांचे वजन पुरेसे होते, त्या शिरत नव्हत्या. टंगस्टनच्या मिश्रधातूची घनता पोलादाच्या दुपटीहून अधिक असते, त्यामुळे साबणाच्या वडीएवढ्या तुकड्यात हवे तेवढे वजन मिळते. त्याची किंमत पाहून मी वर्षभर टाळाटाळ केली आणि ते वर्ष वाया घालवले असे आज वाटते. टंगस्टनच्या डॉलीने तोच रिव्हेट निम्म्या ठोक्यांत बसतो. याला महत्त्व आहे, कारण अॅल्युमिनियम ठोके खाऊन कडक होत जाते. हलक्या डॉलीवर बराच वेळ तडतडत राहिलेला रिव्हेट पुरता पसरण्याआधीच ताठर होतो आणि त्याच्या शेपटाला कडेने बारीक चिरा पडतात.

हाताचे काम दोघांचे असते. बाहेरून एकाने गन धरायची, आतून दुसऱ्याने डॉली. गनचा दाब ३/३२ च्या रिव्हेटला मी साधारण ३५ ते ४० पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) ठेवते, तोही भोकाच्या रांगेतला पहिला रिव्हेट वाया घालवायला नको म्हणून आधी भंगार पत्र्यावर पाहून. गनच्या तोंडाचा चपटा ठोकळा, म्हणजे सेट, डोक्यावर पूर्ण टेकला पाहिजे, आणि डॉली शेपटाला काटकोनात. पहिल्या आठवड्यात माझी शेपटे एका बाजूला झुकत होती. बाबांनी दोन दिवस नुसते पाहिले आणि मग म्हणाले, "पोरी, डॉली रेटू नकोस. नुसती टेकव. वजन तिचं तिला करू दे." मी भीतीपोटी डॉली जोराने दाबत होते, दाबलेला हात थरथरतो, डॉली तिरपी होते आणि शेपूट वाकते. हात सैल ठेवला की डॉली दर ठोक्याला उसळून पुन्हा जागेवर येते. हे वाक्य वाचून कळत नाही, मनगटाला कळावे लागते, आणि कळले त्या दिवशी सलग चाळीस रिव्हेटांवर मापक ठेवला तर एकही बाद झाला नाही.

कानांत बोळे आणि वर कानटोप्या घातल्यावर बोलणे ऐकू येत नाही. त्यामुळे आम्ही पत्र्यावर टिचकीची भाषा ठरवली : आतून एक टिचकी म्हणजे अजून थोडे, दोन म्हणजे झाले, तीन म्हणजे थांब, काहीतरी बिघडले. पत्र्याच्या मध्यापासून सुरुवात करून बाहेर सरकत गेलो, म्हणजे पत्र्यातील ढिलाई कडेला निघून जाते आणि मध्ये डबक्यासारखा फुगा उरत नाही. जून महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी आठ ते दुपारी एक या वेळात वरच्या पत्र्याच्या तीन रांगा पूर्ण झाल्या, आणि हा वेग आमच्यासाठी सर्वोत्तम ठरला. त्याच दिवशी, शेवटच्या रांगेत, माझा खांदा दुखू लागला असताना मी थांबले नाही; सेट घसरला आणि वरच्या पत्र्यावर नखाच्या कोरीएवढा अर्धचंद्र उमटला. पत्र्याच्या वरचा शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर गंजापासून रक्षण करतो, म्हणून असा ओरखडा बारीक कागदाने घासून गुळगुळीत करावा लागतो आणि नंतर प्रायमर द्यावा लागतो. खूण फारशी खोल नव्हती, पण ती कुठे आहे हे मला अंधारातही दाखवता येईल.

चुकलेला रिव्हेट काढण्याची रीत येईपर्यंत पहिला रिव्हेट मारू नये, असे मी प्रत्येकाला सांगते. डोक्याच्या मधोमध, त्या सुईच्या टोकाएवढ्या खाचेचा आधार घेऊन, फक्त डोक्याच्या खोलीइतके ड्रिल करायचे. मग पंच घालून किंचित कलता दाब दिला की डोके टिकलीसारखे निघते. उरलेला देठ मागून डॉलीचा आधार देऊन पंचने बाहेर काढायचा. घाई करून ड्रिल पूर्ण आत घातले तर भोक अंडाकृती होते. तसे झालेच, तर १/८ इंच देठाचे पण ३/३२ च्या खळगीत मावेल एवढ्या लहान डोक्याचे खास दुरुस्तीचे रिव्हेट मिळतात. अमेरिकन बांधणारे त्यांना लाडाने ऊप्स रिव्हेट म्हणतात. त्यांचे एक पाकीट हाताशी असावे. आणि एक गोष्ट अनुभवाने पटलेली : शेपूट जरासे बुटके किंवा किंचित कलंडलेले असेल, तर ते काढून भोक मोठे करण्यापेक्षा तसेच ठेवणे अनेकदा अधिक सुरक्षित असते. कुठे थांबायचे हा निर्णय जाणत्या माणसाला विचारून करावा. इथे एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन या १९५३ सालापासूनच्या संस्थेचे तांत्रिक सल्लागार विनामूल्य घरी येऊन काम पाहतात. आमच्याकडे आलेल्या सल्लागारांनी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन दोन तास पंखाच्या आत पाहिले, सात रिव्हेटांवर खूण केली आणि त्यांतील फक्त तीन काढायला सांगितले.

इंधनाच्या टाक्यांबद्दल थोडक्यात. पुढच्या कडेचाच एक भाग टाकी असतो, म्हणून तिथला प्रत्येक रिव्हेट काळ्या, चिकट पॉलिसल्फाइड सीलंटमध्ये बुडवून मारायचा असतो. हे सीलंट दहास एक या प्रमाणात वजन करून मिसळायचे, आणि मी वापरलेल्या प्रकाराला साधारण दोन तास मिळतात. त्या दोन तासांत जेवढे होईल तेवढेच मिसळावे. कपडे, केस, दाराची मूठ, सगळे काळे होते, आणि वास आठवडाभर जात नाही. हातमोजे डझनांनी लागतात. टाकी बंद केल्यावर एका नळीला साधा फुगा बांधून अगदी कमी दाबाने हवा भरतात आणि प्रत्येक शिवणीवर साबणाचे पाणी लावतात. डाव्या टाकीचा फुगा दुसऱ्या सकाळी मलूल पडलेला पाहून माझा जीव खाली-वर झाला. रात्रीत गॅरेज थंड झाले होते, एवढेच कारण निघाले. दुपारी ऊन आले आणि फुगा पुन्हा टवटवीत झाला.

सगळ्यांत अवघड काम खालच्या पत्र्यांचे. वरचे पत्रे लावताना पंख खालून उघडा असतो आणि डॉलीवाल्याला सगळे दिसते. खालचा पत्रा लावताना तो पंख बंद करत जातो. पत्र्याची एक बाजू जागेवर, दुसरी हलकेच वाकवून वर धरलेली, आणि त्या फटीतून खांद्यापर्यंत हात घालून, न पाहता, केवळ स्पर्शाने डॉली शेपटावर टेकवायची. बरगडीच्या कडा हाताला कापतात, म्हणून मी सायकलस्वारांच्या लांब बाह्या घालत असे. लांब आणि बारीक हात असलेल्या माणसाला इथे मोठा फायदा होतो. माझा हात बारीक आहे पण आखूड, त्यामुळे काही रिव्हेटांपर्यंत पोचायला मला पंखाच्या उभ्या स्टँडखाली खोके ठेवून चढावे लागले. बाबांच्या खरबरीत बोटांना मात्र न पाहता कळत असे. ते आत हात घालून डोळे मिटत, क्षणभर चाचपडत, आणि मग एक टिचकी येई. एकदा रांगेच्या मध्ये तीन टिचक्या आल्या. मी थांबले. त्यांच्या बोटाला शेपटाशेजारी कसलीशी कड लागत होती. आरसा घालून पाहिले तर बरगडी आणि पत्रा यांच्यात किसाचा एक वळलेला तुकडा अडकला होता. तो रिव्हेट मारला गेला असता तर कुणालाही कधी कळले नसते.

ज्यांना हे सगळे नको आहे, त्यांच्यासाठी कंपनीचा क्विक बिल्ड संच आहे. त्यात पंखाचे बहुतेक रिव्हेटिंग आधीच झालेले येते. तो महाग आहे, पण वेळ खूप वाचतो. त्याच कंपनीचे आरव्ही-१२ हे विमान मुख्यतः ओढून बसवायच्या रिव्हेटांनी जोडले जाते; ते काम एकट्याला, शांतपणे, डॉलीशिवाय करता येते. मला भरीव रिव्हेटच हवे होते. ते वजनाला हलके, किमतीला स्वस्त आणि पृष्ठभागाशी पूर्ण समतल बसतात. आरव्ही-७ चे नकाशे मोठ्या कागदांवर आणि सूचना वेगळ्या पुस्तिकेत असतात, त्यामुळे दोन्ही शेजारी-शेजारी उघडून वाचण्याची सवय करावी लागते. नंतरच्या आरव्ही-१४ मध्ये मजकूर आणि चित्रे पानागणिक पायरी-पायरीने दिलेली आहेत आणि बहुतेक भोके अंतिम मापाची येतात. पूर्णपणे नवख्या माणसाने आणि ज्याला किमतीतला फरक परवडतो त्याने त्या संचाचाही विचार करावा.

एक गोष्ट नव्या ग्राहकाने माहीत करून घेतली पाहिजे. २०२३ मध्ये कंपनीने स्वतः जाहीर केले, की काही काळ लेझरने कापून घेतलेल्या भागांच्या भोकांना डिंपल करताना तडे जाऊ शकतात, आणि ते भाग बदलून देण्याची व्यवस्था केली. हा खर्च आणि इतर आर्थिक अडचणी यांमुळे त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. २०२४ मध्ये पुनर्रचनेची योजना मंजूर झाली, किमती वाढल्या आणि काम पुढे चालू राहिले. माझा संच त्याआधीचा असल्यामुळे मला त्याची झळ लागली नाही. कुणी त्या काळातला अर्धवट राहिलेला संच दुसऱ्याकडून विकत घेत असेल, तर कुठले भाग बदलले गेले याची यादी मागावी आणि प्रत्येक खळगीची कड भिंगाखाली पाहावी. तडा असेल तर तो तिथेच, भोकाच्या ओठावर, केसासारखा दिसतो.

खर्चाचा क्रम मला पुन्हा लावायचा असता तर मी असा लावला असता : आधी चांगले डिंपल ठसे आणि तरफेचे यंत्र, मग टंगस्टनची एक डॉली, मग कडेचे रिव्हेट दाबून बसवणारा हवेवरचा स्क्वीझर, आणि गन सर्वांत शेवटी, तीही चांगल्या स्थितीतली जुनी चालेल. क्लेको पुरेसे घ्यावेत. चंदेरी ३/३२ चे आणि तांबूस १/८ चे. माझ्याकडे चंदेरी पाचशे होते आणि ते कमीच पडले. एक दिवस तरी रिव्हेटिंगच्या कार्यशाळेत जाऊन सरावाचा छोटा भाग जोडावा, आणि विमानाच्या शेपटीचा संच आधी पूर्ण करावा, कारण पंखावर जाणारा हात तिथे घडतो.

बाबांच्या परतीच्या तिकिटाला चार दिवस उरले असताना डाव्या पंखाच्या खालच्या पत्र्याचा शेवटचा रिव्हेट बसला. दोन टिचक्या आल्या आणि त्यांनी फटीतून हात बाहेर काढला, कोपरापर्यंत प्रायमरच्या हिरव्या भुकटीने माखलेला. उजव्या पंखाचा खालचा पत्रा अजून क्लेकोंवर उभा आहे. त्याचे शेवटचे दोनशे रिव्हेट मी एकटीने मारण्याचा प्रयत्न करणार नाही. बाबा पुढच्या मे महिन्यात परत येणार आहेत.